हात कुणासाठी उठतो

मंडळी, बसा. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, इथं सतरंजीवर जागा आहे. काठ्या आणि वॉकर भिंतीकडेला ठेवा, कुणाच्या पायात यायला नकोत. खरं तर हे सांगायचं काम सरोजताईंचं. आज ते मला करावं लागतंय.

मी बोलणारा माणूस नाही. मी मेंदूचा डॉक्टर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना लकवा झाल्यावर पहिल्यांदा मीच तपासलं, आणि मग कुपवाड रोडवरच्या ताईंच्या फिजिओथेरपी केंद्रात पाठवून दिलं. "आता पुढचं ताई बघतील," हे माझं ठरलेलं वाक्य. ते वाक्य म्हटलं की मी मोकळा व्हायचो. गेल्या आठवड्यात ताई गेल्या. दुसऱ्या झटक्यानं गेल्या, माझ्यासमोर गेल्या. जे जे करता येतं ते सगळं केलं आणि ते पुरलं नाही. मला त्याचा राग येतोय. कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून तो तुमच्यासमोर असा बोलण्यातून बाहेर पडेल. सांभाळून घ्या.

वाईहून ताईंचे बंधू आणि वहिनी आले आहेत. दादा, वहिनी, तुमच्या घरातलं माणूस गेलं. पण या हॉलकडं बघा. हे एवढे सगळे लोक आपल्याच घरातलं कुणी गेल्यासारखे बसलेत. तुमचं दुःख वाटून घ्यायला आम्ही आलोय असं म्हणायची पद्धत आहे. खरं सांगू का, आम्ही आमचंच घेऊन आलोय.

ताई आणि मी, आमचं भांडण होतं. जुनं भांडण. लोकांना वाटायचं डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट, म्हणजे मानपानाचं काहीतरी असेल. तसं नव्हतं. आमचं भांडण मेंदूवरून होतं. माणूस कशासाठी धडपडतो, यावरून होतं.

ताई परदेशात शिकल्या, तिथं काही वर्षं काम केलं आणि सांगलीला परत आल्या. येताना त्यांनी तिथली एक पद्धत आणली. रुग्ण आला की पहिल्या दिवशी त्याला विचारायचं, तुम्हाला स्वतःसाठी काय करता यायला हवं? जे तो सांगेल ते ध्येय. मग व्यायाम त्या ध्येयासाठी. तिथले लोक पटापट सांगायचे म्हणे. मला माझी गाडी चालवायची आहे. मला कुणाच्या मदतीशिवाय अंघोळ करायची आहे. मला माझ्या घराचं कुलूप माझ्या हातानं उघडायचं आहे. आणि त्या एका कुलपासाठी माणूस महिनोन्‌महिने घाम गाळायचा.

इथं त्यांनी तोच प्रश्न विचारला. कुणाला विचारला? आप्पांना. बिरूआप्पा, तिकडं खांबापाशी बसलात ना? हात वर करा. बघा, उजवा हात वर केला. हा हात तेव्हा मांडीवर पडून असायचा.

आप्पा जतच्या पलीकडचे. उभी हयात मेंढरांमागं गेली. आता पोरांनी डाळिंबं लावलीत. ताईंनी विचारलं, "आप्पा, तुम्हाला स्वतःसाठी काय करता यायला हवं?" आप्पांना हा प्रश्नच नवा. मग म्हणाले, "मला काय करायचं हाय, ताई? पोरं हायती, सुना हायत्या. आता बसून खायचं."

ताई म्हणाल्या, "स्वतःच्या हातानं जेवावं असं वाटत नाही?"

तर आप्पा म्हणाले, "मी हातानं जेवाय लागलो तर लोक म्हणत्याल, सुना बघत न्हाईत व्हय म्हाताऱ्याला?"

तुम्ही हसताय, पण ताई त्या दिवशी हसल्या नव्हत्या. कारण ते खरं होतं. आपल्याकडं घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं की सगळं घर सेवेला लागतं. सून भरवते, मुलगा अंघोळ घालतो, नात पाय चेपते. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी त्याला उचलू देत नाही. आणि जितकी माया जास्त, तितका तो हात मरत जातो. ताई घरच्यांना सांगून सांगून थकायच्या, की त्याला सांडू दे, त्याचं त्याला खाऊ दे. पालथ्या घड्यावर पाणी. सून मान डोलवायची आणि घरी जाऊन पुन्हा घास भरवायची. तिचं तरी काय चुकत होतं? तिला आपल्या सासऱ्याची आबाळ झालेली दिसायला नको होती.

ताईंनी मला फोन केला. मी म्हणालो, यात नवल काय आहे? झटका मेंदूच्या पुढच्या भागाजवळ आहे. तो भाग दुखावला की माणसाची उमेदच जाते. गोळी लिहून देतो. ताई म्हणाल्या, "डॉक्टर, उमेद गेलेली नाही. सुनेला कुणी बोल लावू नये म्हणून हा माणूस उपाशी बसेल. याला उमेद नाही म्हणता?"

मी म्हणालो, तुम्ही कविता करताय.

मग एक दिवस आप्पांचे व्याही त्यांना बघायला केंद्रात आले. लेकीचे सासरे. धोतर, फेटा, हातात खाऊची पिशवी. आपल्याकडं व्याही म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. लेक दिलेल्या घरचा माणूस. त्याच्यापुढं बसून राहायचं नसतं. उठायचं, हात जोडायचे, उराउरी भेटायचं. व्याही दारात दिसले आणि आप्पा खुर्चीत चुळबुळायला लागले. डावा हात छातीशी आला. आणि त्याच्या जोडीला उजवा हात मांडीवरून उठला. पुरता नाही उठला. पोटापर्यंत आला, थरथरला, पडला. आप्पांनी पुन्हा उचलला. व्याही पुढं झाले आणि त्यांनी तो वरच्या वर धरला. दोघंही रडत होते.

ताई त्या वेळी दुसऱ्या एका रुग्णाचा पाय धरून बसल्या होत्या. पाय तसाच हातात, आणि नजर आप्पांच्या हाताकडं. मला लगेच फोन आला. आवाज चढलेला. "डॉक्टर, हात उठला! स्वतःच्या घासासाठी उठत नव्हता. व्याह्याला राम राम करायला उठला!"

मी म्हणालो, याला आमच्याकडं स्पष्टीकरण आहे. भावनेच्या भरात हालचाल वेगळ्या वाटेनं येते. जांभई देतानाही लुळा हात उठतो.

त्या म्हणाल्या, "असू दे की वेगळी वाट. मला त्याच वाटेनं जायचंय."

त्या दिवसापासून केंद्राचं रूप पालटलं. तुम्ही पाहिलंय. व्यायामाचे चेंडू आणि खुंट्या कपाटात गेल्या. आल्या-गेल्याला पाणी द्यायचं काम रुग्णांकडं आलं. ज्याचा उजवा हात लुळा, त्यानंच तांब्या उचलायचा. डाव्या हातानं द्यायचं नाही. डाव्या हातानं पाहुण्याला पाणी देणं आपल्याकडं बसतच नाही, त्यामुळं कुणाला सांगावंही लागलं नाही. पाटणच्या हौसाक्का सांगलीत लेकीकडं राहून यायच्या. त्या डाव्या हातानं जेवायला शिकल्या होत्या, आणि उजव्या हाताचा नाद त्यांनी सोडून दिला होता. ताईंनी त्यांच्यापुढं कुंकवाचा करंडा ठेवला आणि बाजूला बायका बसवल्या. डाव्या हातानं कुंकू कुणी लावतं का? हौसाक्कांनी उजवा हात उचलला. पहिल्या दिवशी बायकांच्या नाकाला, गालाला, कानाला कुंकू लागलं. एक बाई तर मळवट भरल्यासारखी घरी गेली. पण कुणी पुसलं नाही. हौसाक्का, दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांच्या आधी येऊन बसला होतात.

मी हे बघायला जायचो आणि माझा हेका सोडायचो नाही. मी म्हणायचो, ताई, मेंदू सगळ्यांचा सारखा. आत खोलवर एक भाग असतो. अमुक केल्यानं काही हाती लागणार आहे का, कष्ट घेण्यासारखं आहे का, हे तो तोलतो. तो जतमध्ये वेगळा आणि परदेशात वेगळा नसतो. ताई म्हणायच्या, "चूल सारखीच असेल हो. पण सरपण ज्या त्या रानातलं." आणि मग मला डिवचायच्या. "डॉक्टर, तुम्ही स्वतःसाठी डॉक्टर झालात?"

आता हे त्यांना माहीत होतं. आमचं घर रहिमतपूरचं, बाजारात दुकान. मला गणित शिकायचं होतं. डॉक्टर व्हायचं आईनं ठरवलं. वर त्या म्हणायच्या, "आईनं ठरवलं म्हणून अभ्यास कमी केलात का? उलट जास्तच केला असेल." केला होता.

पण त्यांचं सगळंच खरं, असंही मी मानत नव्हतो, आणि आज त्या गेल्या म्हणून मानायला लागलो असं दाखवणार नाही. त्यांना ते आवडलंही नसतं. कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम करणारा आपला संतोष. ऐन तिशीत झटका आला. ताईंनी त्याला विचारलं, "घरी कोण वाट बघतं?" संतोष भडकला. म्हणाला, "ताई, आजवर सगळं घरच्यांसाठीच केलं. लय झालं. मला माझी गाडी काढून एकट्यानं फिराय जायचं हाय. कुणाला न सांगता." मला इतका आनंद झाला! मी म्हणालो, बघा ताई, हा तुमचा परदेशातला रुग्ण कुपवाडात निघाला. ताई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "बरं झालं. मी तिकडून एक प्रश्न आणला आणि इथं येऊन दुसरा बनवला. आणि दोन्ही वेळा सगळ्यांना एकच विचारत बसले." पुढं त्या आधी माणसाजवळ बसायच्या, त्याचं ऐकायच्या, आणि मग ठरवायच्या. संतोषला त्यांनी गाडीची मूठ पिळायला शिकवलं. आज तो गाडीवरूनच आलाय. कुणाला सांगून आलाय का, ते मी विचारलं नाही.

आता पुढचं सांगतो. हे सांगणं अवघड आहे.

गेल्या वर्षी ताईंनाच पहिला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत होतं, डोकं शाबूत होतं. मी तपासलं आणि मनात म्हणालो, ही बाई सहा महिन्यांत धावेल. हिच्याइतकं या व्यायामातलं कुणाला कळतं?

ताई उठल्याच नाहीत. वहिनी वाईहून धावत आल्या. वहिनी, तुम्ही काय केलंत ते मी पाहिलंय, तुमच्यासारखं करणारं माणूस मिळत नाही. तुम्ही भरवत होतात आणि ताई तोंड उघडत होत्या. मी त्यांच्या घरी जायचो, दारात उभा राहून बघायचो आणि माझं रक्त उसळायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान! जिनं जिल्ह्यातल्या सुनांना भरवू नका म्हणून सांगितलं, ती बाई मुकाट्यानं भातवरणाचा घास गिळत होती.

एक दिवस वहिनी स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा मी रागावलो. म्हणालो, ताई, व्यायाम करा. त्या म्हणाल्या, "कुणासाठी उठू, डॉक्टर?"

मी म्हणालो, स्वतःसाठी उठा.

त्या म्हणाल्या, "ते मी शिकून आले होते. माझ्या अंगी नाही लागलं."

त्यांनी लग्न केलं नाही. आईवडील गेलेले. विश्रामबागेतल्या घरात त्या एकट्या राहायच्या आणि ते त्यांना छान जमत होतं. कारण सकाळ झाली की त्या तुमच्यासाठी उठायच्या. आता त्यांच्या लेखी त्यांची कुणाला गरज उरली नव्हती. मेंदू शिकलेला माणूस मी. मी गोळी लिहून दिली आणि निघालो.

मग आप्पा आले. जतहून, एसटीनं, सुनेला घेऊन. मी त्याच वेळी ताईंना बघायला पोचलो होतो. घराच्या व्हरांड्यात आप्पा उभे होते, आणि उजव्या अंगठ्यानं डाव्या तळव्यावर झकास तंबाखू मळत होते. मला बघितलं, चिमूट तोंडात टाकली आणि आत गेले. आत जाताच हात मांडीवर लुळा! ताईंच्या खाटेशी बसून म्हणतात कसे, "ताई, हात पुना आखडला बगा. काय केल्यानं सुटंल? जरा दावा की करून."

ताई म्हणाल्या, "आप्पा, माझाच हात चालत नाही."

आप्पा म्हणाले, "तुमचा न्हाई चालत, माझा न्हाई चालत. पर तुमाला येतंय, मला येत न्हाई. दावा तुमी."

ताईंनी उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. बोटं हलली. आप्पांनी लगेच तशीच बोटं हलवली. "असं व्हय?" ताई म्हणाल्या, "मनगट सैल सोडा." आणि स्वतःचं मनगट दाखवायला गेल्या. मी दाराच्या पडद्याआड उभा होतो. डॉक्टर असून पडद्याआड उभं राहायची वेळ माझ्यावर ती एकदाच आली.

दुसऱ्या दिवशी हौसाक्का आल्या. त्यांचंही बोट अडकलं होतं. मग संतोष आला, त्याला म्हणे मूठ पिळता येईना. येताना गाडी कशी चालवली, ते आम्ही कुणी विचारलं नाही. इचलकरंजीहून आले, तासगावहून आले. तुम्ही ठरवून आलात का, हे मला आजही माहीत नाही, आणि सांगू नका. एकेकाचा आजार उलटला होता, आणि सगळ्यांना ताईंनीच करून दाखवायला हवं होतं. वहिनी, तुम्ही सगळ्यांना चहा करून थकलात आणि एके दिवशी कप घेऊन आलात तेव्हा ताई म्हणाल्या, "ठेवा तिथं. आप्पांना मी देते." अर्धा चहा बशीत सांडला होता. आप्पा बशीतलाही प्यायले.

ताई चालायला लागल्यावर मी त्यांना विचारलं, हे सगळे खोटं बोलत होते ते तुम्हाला कळत नव्हतं? त्या म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी कळलं. आप्पांच्या अंगठ्याला चुना होता. पण डॉक्टर, माणूस खोटं बोलायला जतहून येतो. त्याला तसाच परत कसा पाठवू?"

ताई पुन्हा केंद्रात आल्या. काठी टेकत आल्या, पण आल्या. मी त्यांच्या मेंदूचा पुन्हा फोटो काढला. पहिल्या फोटोत जिथं डाग होता, दुसऱ्या फोटोतही तो तिथंच होता, तेवढाच होता. मी दोन्ही फोटो प्रकाशात धरून बघत बसलो. या बाईला कुणी उठवलं, ते त्यात कुठं दिसत नव्हतं. मी ते ताईंना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? त्यांनी मला वर्षभर चिडवलं असतं. चिडवून घ्यायला हवं होतं.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर परवा आप्पा बसलेले भेटले. मी म्हणालो, आप्पा, व्यायाम चालू आहे ना? आप्पा म्हणाले, "आता कुणाला दावायचा?" हात मांडीवर होता. या वेळी तंबाखू नव्हती. आणि मला भीती वाटली. आप्पांची एकट्यांची नाही, तुम्हा सगळ्यांची. आठवडाभर केंद्र उघडं आहे आणि कुणी फिरकलेलं नाही, हे मला माहीत आहे.

ही मनीषा पुढं बसलीय. फिजिओथेरपिस्ट आहे. ताईंच्या आजारपणात केंद्र तिनं चालवलं आणि आता तीच चालवणार आहे. ताई गेल्यापासून ती रिकाम्या खुर्च्यांसमोर बसतेय. काल तिनं मला विचारलं, "सर, मी बंद करू का?" मी तिला सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं. उत्तर माझ्याकडं नाही, तुमच्याकडं आहे. तिला पुस्तकातलं सगळं येतं. ताईंचं येत नाही. ताईंचं फक्त तुम्हाला येतं, तुमच्या हातापायांना येतं. तुम्ही घरी बसलात तर ते तुमच्याबरोबर जाईल. सोमवारी या आणि तिला शिकवा. मी हे तुमच्या भल्यासाठी सांगत नाही. तिच्यासाठी सांगतोय.

ताई, तुमच्याशी आता भांडता येणार नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्याइतकं मला कुणी छळलं नाही आणि तुमच्याइतकं कुणी शिकवलं नाही. माझा नमस्कार घ्या.

मंडळी, आता आपण ताईंसाठी उभं राहून शांत राहायचं आहे. धडधाकट आहेत त्यांनी उठावं. जे खुर्चीत आहेत त्यांनी पाठ ताठ केली तरी ताईंना पोचेल. बाकीच्यांनी आपापलं उठावं. शेजाऱ्यांनो, सुनांनो, काखेत हात घालू नका. त्यांना जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे. शेवटचा माणूस उभा राहीपर्यंत आपली शांतता सुरू होणार नाही.

आप्पा, सावकाश. आम्ही थांबलोय.